कॅनडाचा सेंट आणि ‘हिंदुस्थानचा सम्राट’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत ‘घरातली ही पेनी तुम्हाला करोडपती करेल’ हा, कॅनडाच्या 1936 च्या एक सेंटच्या नाण्याला (त्यालाच पेनी म्हणतात) कोट्यवधी मिळतात असं सांगणारा मजकूर वाचला. मी चिंचवडचा. पिंपरीच्या कारखान्यांतून टूलमेकर म्हणून नोकरी केली, निवृत्तीनंतर लेकीकडे कॅनडात मिसिसागाला आलो आणि इथे कॅनडाचे सेंट गोळा करायच्या नादाला लागलो. नाद विशेष करून चुकलेल्या नाण्यांचा आणि एकाच सालात निघालेल्या वेगवेगळ्या छापांचा. म्हणून हे पत्र.

आधी चित्राबद्दल. मजकूर होता 1936 च्या सेंटचा आणि चित्र छापलंत बारा कोनांच्या, राणी एलिझाबेथच्या सेंटचं. ती बाराकोनी नाणी 1982 ते 1996 या काळातली. अंधांना बोटांनी ओळखता यावीत म्हणून तसा आकार दिला होता आणि ती पोत्यांनी निघाली. इथल्या प्रत्येक घरात लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ती सापडतात. बहुतेकांची किंमत एक सेंट. आपल्याकडच्या किती घरांत त्या दिवशी बरण्या उलट्या झाल्या असतील कोण जाणे. आमच्या भाच्याची तरी झाली. तो साताऱ्याला असतो. त्याचा मित्र काही वर्षं टोरांटोत राहून परत गेला, त्यानं चिल्लर याच्या मुलांना खेळायला दिली होती. सकाळीच फोन. “मामा, आपल्याकडे सव्वीस निघाल्यात. एक गिऱ्हाईकपण मिळालंय ऑनलाइन. फक्त रजिस्ट्रेशनचे पैसे आधी भरायला सांगतोय.”

मी म्हटलं, एक रुपया भरू नकोस. जो खरेदी करणार आहे तो आपल्याकडूनच पैसे का मागतोय, एवढं तरी विचार. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट 2021 मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. बँकेचं नाव आणि बोधचिन्ह वापरून जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात लोकांकडून शुल्क, कमिशन, कर उकळले जातात, बँकेचा त्याच्याशी काही संबंध नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. आपल्या मजकुराखाली दोन ओळींत तो छापला असता तर बरं झालं असतं.

आता त्या कोट्यवधीच्या सेंटबद्दल. पाचवा जॉर्ज 1936 च्या जानेवारीत वारला. आठवा एडवर्ड गादीवर आला आणि डिसेंबरात गादी सोडून मोकळा झाला. त्याच्या नावाची जी काही तयारी चालली होती ती फुकट गेली आणि त्याच्या जागी आलेल्या सहाव्या जॉर्जचे डाय, म्हणजे नाण्यावर छाप उठवणारे ठसे, ओटाव्याच्या टांकसाळीत पोचलेले नव्हते. बाजारात चिल्लर तर हवी. मग 1937 च्या सुरुवातीला 1936 चेच डाय वापरले आणि ओळखीसाठी सालाखाली एक बारीक ठिपका ठोकला. ठिपक्याची पंचवीस सेंटची नाणी तेव्हा व्यवहारात आली, आजही मिळतात. ठिपक्याची एक सेंटची नाणी मात्र टांकसाळीच्या नोंदीत 6,78,823 आहेत आणि प्रत्यक्षात जगात माहीत आहेत तीन. बाकीची बाहेर पडलीच नसावीत. या तिघांपैकी एकाला 2010 च्या लिलावात 4,02,500 अमेरिकन डॉलर आले. ही तिन्ही नाणी कुणाकडून कुणाकडे गेली हे संग्राहकांना माहीत आहे. ती इचलकरंजीच्या किंवा इथल्या इटोबिकोच्या कुठल्या कपाटात पडलेली नाहीत.

पुरवणीत ‘एरर कॉइन’ आणि ‘व्हरायटी’ हे दोन शब्द सरसकट एकाच अर्थानं आलेत. मशीनशॉपमध्ये काम केलेल्या माणसाला यातला फरक लगेच कळतो, म्हणून माझ्या भाषेत सांगतो.

एरर म्हणजे त्या एका पीसचं रिजेक्शन. धातूच्या पट्टीतून ब्लँक, म्हणजे कोरी चकती, कापताना फीड कमी पडला, म्हणजे पट्टी पुरेशी पुढे सरकली नाही, पंच आधीच्या भोकावर थोडा चढला, की ब्लँकला चंद्रकोरीसारखा चावा बसतो. कॉलरमध्ये, म्हणजे भोवतीच्या कड्यात, ब्लँक नीट बसला नाही की छाप एका बाजूला सरकतो आणि अर्धी राणी बाहेर राहते. डायच्या कडेचा तुकडा उडाला की त्या जागी नाण्यावर धातूचा गुळगुळीत उंचवटा येतो. डायला तडा गेला तर नाण्यावर उठावदार रेघ येते, खोलगट नव्हे. खोलगट असेल तर कुणीतरी नंतर ओरखडा काढलाय. डायच्या अक्षरात ग्रीस भरलं की ते अक्षर उठतच नाही आणि लोक म्हणतात, बघा, आमच्याकडे अमुक अक्षर नसलेलं दुर्मीळ नाणं आहे. अहो, ते ग्रीस आहे. आमच्याकडे असा माल स्क्रॅप बिनमध्ये जायचा आणि मशीन लावणाऱ्या सेटरला शिव्या मिळायच्या. टांकसाळीतही बहुतेक तपासणीत पकडला जातो. निसटतो तो थोडा, म्हणून त्याला भाव.

चावलेल्या सेंटची नक्कल करायला कानशीसुद्धा पुरते आणि तसे बनावट सेंट विकायला येतातही. ओळखायचं कसं? चाव्याच्या बरोबर समोरची कड पाहायची. ब्लँकची कड उठवणाऱ्या यंत्रात तो दोन बाजूंनी दाबला जातो. एका बाजूला धातूच नसेल तर समोरच्या बाजूलाही दाब मिळत नाही आणि तिथली कड दबकी राहते. नंतर कानशीनं चावा काढलेल्या नाण्याची समोरची कड मात्र ठणठणीत असते. हे पहिल्यांदा भिंगातून पाहिलं तेव्हा मी खुर्चीत बसल्या बसल्या हसलो होतो. प्रेसचं सगळं वागणं त्या दमडीएवढ्या धातूवर लिहिलेलं होतं.

दुहेरी अक्षरांचंही तसंच. ठोका बसल्यावर डाय जरा हलली तर अक्षराशेजारी चपटी पायरी येते. ती ढिगानं सापडते, तिला भाव नाही. डाय बनतानाच छाप दोनदा आणि किंचित सरकून बसला असेल तर अक्षरांची टोकं फाटलेली, पण गोलाईसकट दिसतात आणि त्या डायमधून निघालेल्या प्रत्येक नाण्यावर अगदी तशीच दिसतात. इथे व्हरायटी सुरू होते. व्हरायटी हा डायचा गुण असतो.

आणि कॅनडाच्या सेंटमध्ये याचा खजिना आहे. अगदी पहिली नाणी 1858 ची, लंडनला पाडलेली: व्यास बरोबर एक इंच आणि शंभर नाण्यांचं वजन एक पौंड. मोजमाप करणाऱ्या माणसाला याहून सुंदर नाणं सापडणार नाही. पुढच्या वर्षी त्यातल्याच काही डायवर 8 च्या डोक्यावर 9 ठोकून साल बदललं, ते आजही भिंगाखाली दिसतं. 1953 मध्ये नव्या राणीच्या खांद्यावरची वस्त्राची घडी नीट उठेना, म्हणून टूल सुधारून घेतलं. पण 1955 मध्ये जुन्या, बिनघडीच्या चेहऱ्याची डाय पुन्हा प्रेसवर चढली. कशी चढली असेल हे मला कुणी सांगायला नको. रॅकवर दोन सारख्या दिसणाऱ्या डाय असतात आणि रात्रपाळी असते. तो 1955 चा बिनघडीचा सेंट चांगल्या स्थितीत असला तर काही शे डॉलर सहज देतो. झिजलेल्या नाण्यावर घडी होती की झिजली हे कळत नाही, तेव्हा नाण्यावरच्या अक्षरांतला इंग्रजी ‘आय’ पाहायचा: बिनघडीच्या छापात त्याची दोन्ही टोकं पसरट असतात, घडीच्या छापात तो सरळसोट.

1965 ला कडेचे मणी मोठे-लहान आणि सालातला 5 टोकदार-बोथट मिळून चार प्रकार. त्यात मोठे मणी आणि टोकदार 5 दुर्मीळ. 1985 मध्ये पुन्हा टोकदार 5 चा शोध. 2006 ला तर गोंधळच. तांब्याचा मुलामा दिलेलं पोलाद लोहचुंबकाला चिकटतं, जस्त चिकटत नाही, आणि त्या वर्षी दोन्ही निघालं. पोलादी नाण्यावर राणीखाली ‘पी’ असायचा, मध्येच तो जाऊन टांकसाळीचं बोधचिन्ह आलं. त्यामुळे ‘पी’ असूनही न चिकटणारा सेंट सापडला तर तो जपून ठेवायचा. माझ्या नातवाला भिंगाचा कंटाळा आहे, पण चुंबक घेऊन तो माझ्याबरोबर बरण्याच्या बरण्या उपसतो.

या देशात आता सेंट पाडत नाहीत. एक सेंट बनवायला 1.6 सेंट खर्च येत होता. शेवटचा 4 मे 2012 ला विनिपेगला तत्कालीन अर्थमंत्री जिम फ्लाहर्टी यांच्या हातून पाडला गेला आणि 4 फेब्रुवारी 2013 पासून वाटप थांबलं. रोखीचा हिशोब पाच सेंटला गोळा होतो. परत आलेली नाणी वितळायला जातात. म्हणजे न तपासलेल्या बरण्या वर्षागणिक कमी होणार.

एक चूक तर सगळ्याच सेंटवर आहे आणि तिला कुणी पैसे देत नाही. 1937 पासून शेवटपर्यंत मागच्या बाजूला मेपलची डहाळी आहे, इंग्रज कलाकार क्रूगर ग्रे यांची. (1967 साल सोडून, त्या वर्षी कॅनडाच्या शंभरीनिमित्त कबुतर आलं.) डहाळीवर दोन पानं एकाआड एक काढलीत. मेपलला पानं समोरासमोर येतात. आमच्या दारातल्या झाडावर बघा. पाऊणशे वर्षांत अब्जावधी नाणी पडली आणि झाड चुकीचंच राहिलं.

पण माझी खरी तक्रार दुसरी आहे. पुरवणीत अर्धं पान कॅनडाच्या सेंटवर खर्च झालं आणि मराठी वाचकाशी ज्या सेंटचं थेट नातं आहे त्याचा उल्लेखही नाही.

1911 मध्ये पाचव्या जॉर्जच्या पहिल्या कॅनडियन सेंटवरून ‘देवाच्या कृपेनं’ हे लॅटिन शब्द गळले. लोक खवळले, ‘बिनदेवाचं नाणं’ म्हणून हिणवलं गेलं, पुढच्या वर्षी देव परत आला. देव गळला होता तेव्हाही एक गोष्ट मात्र त्या नाण्यावर शाबूत होती: ‘एट इंड: इंप:’, म्हणजे ‘आणि हिंदुस्थानचा सम्राट’. याच वर्षी आपल्याकडे याच राजाच्या रुपयावर झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून ओरड झाली आणि नाणं मागे घ्यावं लागलं. एकाच राजाच्या नाण्यांवरून दोन देशांत दोन तऱ्हेचे तंटे.

सहाव्या जॉर्जच्या सेंटवरही ती अक्षरं होती. मग 15 ऑगस्ट 1947 उजाडला. नाण्यावरून हिंदुस्थानचा सम्राट काढायचा म्हणजे नवं टूल, आणि ते लंडनहून यायला 1948 चं बरंचसं वर्ष गेलं. तोवर ओटाव्यानं अकरा वर्षांपूर्वीचीच युक्ती केली. 1947 साल तसंच ठेवलं, सम्राटही तसाच ठेवला आणि सालाच्या शेवटी मेपलचं एक चिमुकलं पान ठोकलं. ही नाणी 1948 मध्ये पाडलेली आहेत याची ती खूण. म्हणजे आपण स्वतंत्र झाल्यावर, लाल किल्ल्यावर तिरंगा फडकल्यावर, हजारो मैल दूर एका टांकसाळीत ‘हिंदुस्थानच्या सम्राटा’चे सेंट पडतच होते, चार कोटींहून जास्त. राजानं ती पदवी औपचारिकपणे सोडली 22 जून 1948 ला. नवे डाय इतके उशिरा आले की त्या सालाचा चांदीचा डॉलर फक्त 18,780 पडला आणि आज तो महाग आहे.

पानाचा सेंट मात्र महाग नाही. नाण्यांच्या प्रदर्शनात मेजाच्या कोपऱ्यावरच्या स्वस्ताच्या डब्यात मिळतो, इथल्या एका कॉफीहून कमी पैशांत. पान नुसत्या डोळ्यांना दिसतं. त्यातही 7 टोकदार की बोथट असे दोन प्रकार आहेत, ते भिंगानं पाहावे लागतात. भारतातून पाहुणे आले की मी हेच नाणं हातात देतो. करोडपतीचं विचारत आलेला माणूससुद्धा मग दहा मिनिटं काही बोलत नाही, ती अक्षरं वाचत बसतो.

भाच्याच्या सव्वीस नाण्यांचे फोटो आले. बहुतेक बाराकोनी, काही गोल, एक कबुतराचा. कबुतर ठेव म्हटलं, छान आहे. आणि कुठलंही नाणं घासू नकोस, चिंच तर लावूच नकोस. चकाकी आणली की त्याची होती ती किंमतही जाते.

आता विनंती. दुरुस्ती छापावी. चित्र बदलावं. 1936 च्या सेंटचा भाव पुन्हा छापायचाच असेल, तर ‘जगात तीनच’ हे शब्दही त्या आकड्याइतक्याच मोठ्या टायपात छापावेत.

कळावे,
आपला एक जुना वर्गणीदार,
मिसिसागा, ओंटारिओ (मूळ चिंचवड)