जपानी शिकवा, मराठीतून

महोदय,

जुलैची जेएलपीटी, म्हणजे जपानी भाषेची प्रावीण्य परीक्षा, जवळ आली की पुण्यात ‘तीन महिन्यांत एन-५’ (तिची सर्वांत सोपी पातळी) अशा जाहिराती झळकू लागतात. मी कोथरूडमध्ये जपानी शिकवते. त्याच्या वरची एन-४ पातळी उत्तीर्ण झालेली मुलेही जपानी पाहुण्यासमोर गप्प उभी राहतात, हे दरवर्षी पाहते. त्यात मुलांचा दोष नाही. या परीक्षेत शब्द, व्याकरण, वाचन आणि ऐकणे तपासतात. बोलण्याची परीक्षाच नाही. पर्यायांतून उत्तर निवडले की झाले.

पण मला त्याहून सलते ते वेगळेच. सांगली-साताऱ्याकडून, मराठी माध्यमातून आलेली मुले पहिल्याच आठवड्यात खचतात, कारण जपानी व्याकरण त्यांना इंग्रजीतून समजावले जाते. जिची आधीच धास्ती, त्या भाषेतून नवी भाषा शिकायची! खरे तर मराठी मुलांना केवढा आयता फायदा आहे. ‘मी उद्या मुंबईला जातो’ हे जपानीत ‘वाताशी वा आशिता मुंबई नि इकिमासु’. क्रम तोच, क्रियापद शेवटी, आणि ‘ला’च्या जागी ‘नि’, तोही नामानंतरच. प्रश्न करायचा तर शेवटी ‘का’, अगदी आपल्यासारखा: ‘इकिमासु का?’ ही वाक्ये फळ्यावर एकाखाली एक लिहिली की मागच्या बाकावरची मुलगीसुद्धा गाव बदलून, वेळ बदलून स्वतःची वाक्ये रचू लागते. चुकली तरी वाक्य पुरे होऊ द्यावे, मग सुधारावे; मध्येच तोडले की ती पुन्हा लवकर तोंड उघडत नाही. आदरार्थी जपानीचा मोठा बाऊ करतात, पण तू-तुम्ही-आपण यांत वाढलेल्यांना त्यामागचा विचार नवा नसतो. कांजी, म्हणजे चिनीतून आलेली जपानी अक्षरे, मात्र गिरवावीच लागतात, तिथे मराठी कामी येत नाही.

शिक्षकांनाही आधार हवा. अनेकींना जपानी माणसाशी बोलायची संधीच मिळालेली नसते, म्हणून त्या पुस्तकातल्या इंग्रजी टिपा धरून राहतात. क्लास चालवणाऱ्यांनी आठवड्यातला एक तास शिक्षकांना आपापसांत फक्त जपानीत बोलायला द्यावा आणि त्या तासाचेही मानधन द्यावे. प्रत्येक पातळीच्या अखेरीस तोंडी परीक्षा घ्यावी, मग ती दहा मिनिटांची का असेना. मराठीतून व्याकरण समजावणाऱ्या टिपा आम्ही काही शिक्षिका तयार करत आहोत. पुणे विद्यापीठाच्या रानडे इन्स्टिट्यूटमधील विदेशी भाषा विभागाने त्या तपासून सर्वांसाठी खुल्या कराव्यात, अशी माझी विनंती आहे.

– जपानीची एक शिक्षिका, कोथरूड, पुणे