आशाताई, तुम्ही झोपेचं विचारलंत

प्रिय आशाताई,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं उघड लिहितो आहे. तुमचं नाव टाकत नाही. तुम्ही गावच्या ‘आशा’, म्हणजे घरोघरी फिरणाऱ्या आरोग्य स्वयंसेविका, म्हणून गावात तुम्हाला सगळे आशाताईच म्हणतात, आणि ज्यांना ओळखायचं ते बरोबर ओळखतील. उघड लिहिण्याचं कारण असं की आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कास्तकाराच्या मनाची गोष्ट पेपरात येते तेव्हा फार उशीर झालेला असतो. वेळेवर कुणी येऊन जवळ बसलं आणि माणूस सावरला, ही गोष्ट कुठेच छापून येत नाही. ती लिहिली गेली पाहिजे.

२०२४ चा खरीप तुम्हीही पाहिला आहे. सोयाबीन सोंगून गंजी लावली आणि परतीच्या पावसात ती भिजली. हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये. बाजारात भाव चार हजारांच्या आसपास घुटमळत होता, आणि डागी मालाला तेवढाही मिळेना. पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, बोंडअळी दिसली. २०१७ मध्ये तिनं पीक खाल्लं, तेव्हापासून तिचं नाव काढलं तरी पोटात गोळा येतो. वर पीक कर्ज, मुलाची फी, आईची औषधं. घरोघरी हेच आहे, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही.

तुम्ही आईच्या बीपीच्या गोळ्यांची चौकशी करायला आला होतात. मी ओट्यावर बसलो होतो. त्या दिवसांत येणारा-जाणारा मला एकच म्हणायचा, ‘टेन्शन नको घेऊ, होईन सारं बरोबर.’ मायेनंच म्हणायचे सगळे. पण त्यावर आपण बोलणार काय? मान हलवायची आणि गप्प राहायचं. तुम्ही तसं काही म्हणाला नाहीत. पिशवी बाजूला ठेवली, पायरीवर बसलात आणि विचारलंत, ‘भाऊ, झोप लागते काय?’

मी हो म्हणालो. तुम्ही उठला नाहीत. ‘रातच्यानं किती वाजता जाग येते?’ मग जेवण जातं काय, वावरात गेल्यावर कामात मन लागते काय, घरी कुणाशी बोलणं होते काय. आणि शेवटी अगदी साध्या आवाजात, जगणं नकोसं वाटते काय, हेही विचारलंत. हा प्रश्न विचारायला घरचे लोक घाबरतात. विचारलं तर नसलेला विचार डोक्यात शिरेल, असं सगळ्यांना वाटतं. तसं होत नाही, उलट माणसाला बोलायला वाट मिळते, हे मला नंतर समुपदेशकांनी समजावून सांगितलं. त्या वेळी मला एवढंच जाणवलं की हे उत्तर ऐकून घ्यायची तयारी असलेलं कुणीतरी समोर बसलं आहे. मी बोललो. आतून स्वयंपाकघरातून तुमच्या वहिनी ऐकत होत्या आणि त्यांनाही यातलं बरंच पहिल्यांदाच कळत होतं.

तुम्ही १४४१६ हा टेली मानसचा नंबर माझ्या फोनमध्ये स्वतः सेव्ह करून दिलात. मनाच्या त्रासावर फोनवर बोलण्यासाठी २०२२ पासून सुरू असलेली ही सरकारी सेवा चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. मनाच्या आजारांवर मदत करणारा सरकारचा प्रेरणा प्रकल्प खास आपल्यासारख्या जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांसाठी आहे, हेही सांगितलंत. आणि ‘जाऊन या’ म्हणून सोडून न देता दवाखान्यात समुपदेशकांकडे सोबत आलात. तिथे नऊ प्रश्नांचा कागद होता. गेल्या दोन आठवड्यांत झोप, भूक, थकवा, कामातलं लक्ष यांचं कसं काय होतं, हे त्यात विचारतात आणि उत्तरांना गुण देतात. माझं दुखणं असं कागदावर मांडता येतं, त्याला उपचार आहे, हे पाहून मला केवढा धीर आला म्हणून सांगू!

पण सगळ्यात मोठं काम केलं ते वहीनं. आठवतं ना? मुलाच्या जुन्या वहीची मागची कोरी पानं फाडू दिली नाहीत तुम्ही. म्हणालात, ‘आभाळ पाहून पाणी कधी येईन ते तुम्ही सांगता भाऊ, तसंच आता सोताकडे पाहा.’ मन भरून आलं की वेळ लिहायची, त्याआधी काय झालं ते लिहायचं, आणि अंगात कुठे काय होतं तेही लिहायचं. कारण शोधायचं नाही, चूक-बरोबर ठरवायचं नाही.

एक नोंद इथे देतो. ‘सायंकाळी सात. बँकेतून फोन. पोट आवळलं, जबडा घट्ट. फोन ठेवला तरी हात तसाच मुठीत.’ आणि त्याच आठवड्यातली दुसरी: ‘सायंकाळी साडेसात. पोरीचा फोन, दिवाळीले येतो म्हणे. छाती दाटून आली. जेवलो नाही.’

पानं भरत गेली तसं मी मागे वळून वाचू लागलो. बँकेच्या फोननंतर राग यायचा, पण तो तासाभरात उतरायचा. रात्र रात्र जागवायचा तो पोरीचा फोन. लेक पहिल्या दिवाळीला माहेरी येणार आणि तिच्यासमोर, जावयासमोर आपण कमी पडणार, ही ती भीती होती. कर्जाच्या आकड्याच्या मागे ती दडून बसली होती आणि मी सगळा भार कर्जावरच टाकत होतो. कर्ज माझ्या हातात नव्हतं, पण पोरीशी बोलणं हातात होतं. फोन लावला, यंदा साडी होणार नाही असं सांगितलं. ती म्हणाली, ‘बाबा, मी साडीसाठी येऊन राहिली काय?’ त्या रात्री मी झोपलो.

श्वासाचंही तसंच. चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर. श्वास सावकाश सोडला की छातीची धडधड मंदावते, हे मी वावराच्या धुऱ्यावर, बांधावर उभं राहून करून पाहिलं आहे. याने भाव वाढत नाही, पाऊस थांबत नाही. पण बँकेच्या माणसाशी मुदतीबद्दल बोलायचं तर आवाज ताब्यात लागतो, आणि तो लागला.

तुम्ही प्रार्थनेला पुन्हा बसायला लावलंत, त्याबद्दल वेगळं सांगतो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला गुरुकुंज मोझरीला सायंकाळी ४ वाजून ५८ मिनिटांनी, त्यांच्या निर्वाणाच्या वेळेला, सगळं मैदान एका क्षणात मौन होतं, ते मी लहानपणापासून पाहत आलो. गावातली सामुदायिक प्रार्थना मात्र सुटली होती. आता डोळे मिटून बसतो तेव्हा कपाळाच्या आठ्या कुठे आहेत, खांदे का वर चढलेत, ते मला कळतं. डोळे उघडले की शेजारी चार माणसं असतात. एकट्यानं वावरात बसून राहण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

ताई, तुमच्या दिवसांचीही मला कल्पना आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत तुमच्या आशा बहिणी मानधनासाठी मुंबईत आझाद मैदानावर बसल्या होत्या. लसीकरण, बाळंतपणं, सर्वेक्षणं, रजिस्टरं, मोबाईलवरची माहिती, एवढं सगळं सांभाळून तुम्ही माझ्यासारख्याच्या ओट्यावर अर्धा दिवस बसलात. त्या बसण्याचा कुठल्या रजिस्टरमध्ये रकाना नाही आणि त्याचे पैसेही मिळत नाहीत. ते मिळायला पाहिजेत, आणि ग्रामसभेत तसा ठराव मांडायला मी उभा राहणार आहे. तुमचे उपकार फक्त पत्रानं फिटतील असं मी मानत नाही.

आणखी एक. आमच्याच आळीत एक जण महिन्यापासून घराबाहेर पडला नाही. नाव इथे लिहीत नाही, फोनवर सांगतो. मी त्याच्याकडे दोनदा जाऊन बसून आलो, झोपेचं विचारलं. आधी हो म्हणाला, मग नाही म्हणाला. येत्या गुरुवारी तुम्हाला जमेल काय? वेचणीचं काम दुपारपर्यंत आटोपतो आणि सोबत येतो. जेवण आमच्याकडेच, तुमच्या वहिनींनी सांगून ठेवलं आहे.

तुमचा भाऊ,
यवतमाळ जिल्ह्यातला एक कास्तकार