अठ्ठेचाळीस तास कोणाच्या घड्याळाचे?

संपादक महोदय,

बडोद्याच्या मकरपुरा, नंदेसरी, पोर, वाघोडिया या पट्ट्यातल्या लहान कारखान्यांत ‘हा अपघात कळवावा लागेल का?’ असे विचारले जाते, ते बहुधा टाके घालून झाल्यावर. उत्तर ठरलेले: ‘परवा कामावर येतोय ना? मग नको.’ हे उत्तर बऱ्याचदा चुकीचे असते, म्हणून हे पत्र.

कारखाने कायदा, १९४८च्या कलम ८८ प्रमाणे कारखान्यात अपघाती मृत्यू झाला, किंवा दुखापतीमुळे माणूस अपघातानंतर लगोलग ४८ तास वा अधिक काळ काम करू शकला नाही, तर व्यवस्थापकाने ते कारखाने निरीक्षकांना कळवणे बंधनकारक होते. त्या कायद्याच्या जागी २१ नोव्हेंबर २०२५ला लागू झालेल्या सुरक्षा व आरोग्यविषयक कामगार संहितेनेही ४८ तासच ठेवले. फरक इतकाच, की आता ते कारखान्यापुरते न राहता आस्थापनांना लागू झाले आहेत. मोजमाप जुने, त्यामुळे पळवाटाही जुन्याच.

पहिली सुट्टीची. १३ जानेवारीला संध्याकाळी पाचला पॉवर प्रेसमध्ये (पत्रा दाबून कापणाऱ्या यंत्रात) बोट चेपले. १४ला उत्तरायण (संक्रांत), १५ला वासी उत्तरायण, दोन्ही दिवस सुट्टी, १६ला सकाळी आठला माणूस हजर. मस्टरवर (हजेरीपटावर) एकही खाडा नाही, म्हणून अपघातही नाही! पण मधे ६३ तास गेले. कायद्याचा प्रश्न पाळी बुडाली का, हा नाहीच. माणूस काम करण्याच्या स्थितीत होता का, हा आहे. त्याचे उत्तर डॉक्टरांच्या चिठ्ठीत असते, मस्टरमध्ये नाही. चिठ्ठीवर ‘विश्रांती’ एवढेच न लिहिता कोणत्या तारखेपासून नेहमीचे काम करू शकेल, हे लिहून घ्यावे.

दुसरी ‘लाइट ड्युटी’. प्रेस चालवणाऱ्याला बँडेजसकट गेटवर बसवायचे आणि हजेरी भरायची. गेटवर बसणे हे त्याचे काम नव्हे. अमेरिकेत हलके काम दिले तरी दुखापत नोंदवहीत जाते आणि असे दिवसही मोजले जातात. आपल्याकडे राज्याने नव्या नियमांत ‘त्याचे नेहमीचे काम’ असे स्पष्ट लिहिले, तर अर्धा वाद मिटेल.

तिसरी उशिरा चिघळणाऱ्या जखमेची. दोन दिवस माणूस काम करतो, तिसऱ्या दिवशी बोट सुजते, पू होतो, चार दिवस घरी. ‘लगोलग’ नव्हते, म्हणून सोडून देतात. राज्याच्या कारखाने नियमांत याची सोय पूर्वीपासून आहे: अकार्यक्षमता नंतर आली किंवा तुकड्यातुकड्यांनी आली, तर एकूण ४८ तास भरल्यापासून २४ तासांत कळवायचे. ही तरतूद फार थोड्यांच्या वाचनात येते.

ईएसआयचे (कर्मचारी राज्य विमा योजनेचे) घड्याळ याहून वेगळे, आणि सगळ्यात जास्त गोंधळ इथेच. तिथे ४८ तास काम बुडण्याची वाट पाहायची नाही. जीव जाण्याचा, कायमच्या अपंगत्वाचा किंवा अवयव जाण्याचा संभव असेल तर अहवाल ताबडतोब. एरवी मुदत अपघात मालकाला समजल्यापासून मोजली जाते. कारखान्यात येता-जाता वाघोडिया रस्त्यावर मोटरसायकल घसरली, तर ४८ तासांचा नियम लागत नाही, कारण अपघात कारखान्यातला नाही. पण वेळ, जागा आणि कामाचा संबंध जुळत असेल तर ईएसआयमध्ये तो कामावरचाच अपघात.

हे न कळवता ‘घरी पडला’ असे लिहून आजारपणाची रजा दाखवली, तर कामगाराचे काय जाते? आजारपणाचा लाभ सरासरी मजुरीच्या ७० टक्के, कामावरच्या दुखापतीचा ९० टक्के. रोज ६०० रुपये धरा: लाभाच्या ३० दिवसांचे १२,६०० की १६,२००, म्हणजे सरळ ३,६०० रुपयांचा फटका. शिवाय आजारपणासाठी सहामाहीत ७८ दिवसांची वर्गणी लागते, दुखापतीला नोकरीच्या पहिल्या दिवसापासून हक्क आहे. पुढे बोट वाकेनासे झाले तर कायमच्या अपंगत्वाचा दावा करायला मूळ नोंदच नसते. ठेकेदाराच्या माणसाचे हाल तर विचारू नयेत. ‘तो आमचा नाही’ म्हणणाऱ्या व्यवस्थापकाने ४८ तासांचा नियम पुन्हा वाचावा; अपघात कारखान्यात झाला, एवढे त्याला पुरते.

अपघात-नोंदवहीत ‘हाताला लागले’ असे लिहून काही साधत नाही. उजव्या हाताची तर्जनी, पहिले पेर, प्रेस नंबर ३, डायमधून जॉब काढताना, पेडलवरून पाय काढल्यावर प्रेसने पुन्हा स्ट्रोक मारला, गार्ड काढलेला, साक्षीदार अमुक. एवढे त्याच दिवशी लिहिले, की क्लचमधली ‘की’ (खिट्टी) झिजली आहे का, स्प्रिंग ढिली आहे का, हे तपासायचे कोणाला तरी सुचते. अहवाल म्हणजे गुन्ह्याची कबुली, या भीतीने ही ओळच लिहिली जात नाही, आणि त्याच प्रेसवर दुसरा माणूस बसतो.

एक करता येईल. ईएसआयकडे आलेले अपघात-अहवाल आणि कारखाने निरीक्षकांकडे आलेल्या ४८ तासांच्या सूचना या दोन याद्या वर्षातून एकदा शेजारी ठेवाव्यात. आठवडाभर दुखापतीचा लाभ घेतलेल्या कामगाराचे नाव दुसऱ्या यादीत नसेल, तर त्या कारखान्याला एक पत्र जावे.

— औद्योगिक सुरक्षा क्षेत्रातील एक वाचक, मांजलपूर, बडोदे