वेळापत्रकाचा दोष किती?

भुसावळ

चि. मृणाल हिस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस की पहिल्या महायुद्धाची कारणे तुला पाठ आहेत: साम्राज्यवाद, शस्त्रस्पर्धा, गटांचे करार, आक्रमक राष्ट्रवाद आणि सरतेशेवटी बोस्नियातल्या साराजेव्हो शहरातला खून. पण ही कारणे तर आधीची कित्येक वर्षे होतीच, मग युद्ध नेमके १९१४ च्या ऑगस्टमध्येच का पेटले, हे तुला उलगडत नव्हते. तेव्हा मला धड उत्तर देता आले नाही. ज्याची सारी नोकरी रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसात चार्टवर पेन्सिलीने गाड्यांच्या रेघा ओढण्यात गेली, त्याने इतिहासाच्या विद्यार्थिनीला काय सांगावे, असे तुझी आई म्हणते. पण या युद्धाची गोडी मला त्या रेघांमुळेच लागली.

२८ जून १९१४ रोजी साराजेव्होत एकोणीस वर्षांच्या गाव्रिलो प्रिन्सिप या बोस्नियन सर्ब तरुणाने ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड आणि त्याची पत्नी सोफी यांना गोळ्या घातल्या. युवराजाचा मोटारचालक वळण चुकला नसता तर युद्ध टळले असते, असे अनेक जण रंगवून सांगतात. मला ते पटत नाही, कारण तो खून आणि ब्रिटनने ४ ऑगस्टला युद्धात घेतलेली उडी यांच्यात सदतीस दिवस गेले, आणि त्यातल्या प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी शुद्धीवर राहून निर्णय घेतला. जुलैच्या पहिल्या आठवड्यात जर्मनीने ऑस्ट्रियाला बिनशर्त पाठिंब्याचा शब्द दिला. २३ जुलैला ऑस्ट्रियाने सर्बियाला अठ्ठेचाळीस तासांची निर्वाणीची मुदत दिली आणि सर्बियाने बहुतेक अटी मान्य करूनही २८ तारखेला युद्ध पुकारले. सर्बियाच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या रशियाने ३० जुलैला संपूर्ण सैन्याच्या जमवाजमवीचा हुकूम काढला, आणि येथून गोष्ट वेळापत्रकाच्या हाती गेली, निदान तसे सांगितले गेले.

जर्मनीच्या सेनापतींनी दोन आघाड्यांवर लढण्याची भीती अशी मिटवली होती की रशियाचे अवाढव्य सैन्य सावकाश गोळा होईल, तेवढ्या अवधीत, म्हणजे साधारण सहा आठवड्यांत, बेल्जियममार्गे फ्रान्सला चीत करायचे आणि मग तेच सैन्य आगगाड्यांनी पूर्वेकडे न्यायचे. बेल्जियमच्या तटस्थतेची हमी १८३९ च्या करारात दिलेली होती, त्यामुळे तिकडून गेल्यास ब्रिटन उतरेल हा धोका योजनेतच होता. शिवाय रशियाने हालचाल सुरू करताच जर्मनीचे घड्याळही सुरू होणार होते, कारण हरवलेला प्रत्येक दिवस योजनेतून वजा होत असे. त्या ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात कोलोनजवळच्या ऱ्हाइनवरील पुलावरून साधारण दर दहा मिनिटांना एक सैनिकी गाडी पलीकडे जात होती. ज्याने एका सेक्शनमध्ये लागोपाठ चार गुड्स (मालगाड्या) काढण्यासाठी रात्र जागवली आहे, त्यालाच या कामगिरीची किंमत कळेल.

आता मुख्य प्रसंग सांगतो. १ ऑगस्टच्या संध्याकाळी लंडनहून आलेल्या तारेचा अर्थ जर्मनीचा सम्राट कैसर विल्हेल्म याने असा लावला की फ्रान्सवर हल्ला न केल्यास ब्रिटन तटस्थ राहील. हर्षभरित होऊन त्याने सेनाप्रमुख मोल्टके यांना सारे सैन्य पूर्वेकडे वळवायला सांगितले. मोल्टके यांचे उत्तर असे होते की लाखो माणसांची मांडणी ऐनवेळी बदलता येत नाही; तसे केले तर हाती सैन्य उरणार नाही, गोंधळलेला जमाव उरेल. दरम्यान लक्झेंबर्गमधील एक छोटे रेल्वे स्थानक आणि तेथील तारघर एका जर्मन तुकडीने ताब्यातही घेतले होते. अर्ध्या तासात मोटारीतून दुसरी तुकडी आली आणि ही चूक झाल्याचे सांगून तिने पहिल्या तुकडीला माघारी धाडले. तारेचा खरा अर्थ रात्री कळला आणि सैन्य पुन्हा पुढे सरकले.

मृणाल, त्या अर्ध्या तासाकडे नीट पाहा. तुकडी परत बोलावता आली! पुढे जर्मन सैन्याच्या रेल्वे विभागाचे माजी प्रमुख जनरल फॉन श्टाब्स यांना मोल्टके यांचे म्हणणे आपल्या खात्याचा अपमान वाटला आणि सैन्य पूर्वेकडे वळवणे शक्य होते हे दाखवण्यासाठी त्यांनी तक्त्यांसह आख्खे पुस्तक लिहिले. (कंट्रोलवाल्याचा हा स्वाभिमान मला फार ओळखीचा आहे.) म्हणून गाड्या सुटल्या आणि युद्ध अटळ झाले, हे सुटसुटीत उत्तर परीक्षेत लिहू नकोस. लाइन क्लिअर, म्हणजे पुढे येण्याची परवानगी, दिल्यावरही गाडी थांबवण्याची सोय असते, सिग्नल त्यासाठीच असतो. मात्र गाडी थांबवल्याचा जाब आपल्याला द्यावा लागेल, ही भीती माणसाला वेळापत्रकाच्या आड लपायला लावते. बर्लिन, व्हिएन्ना आणि सेंट पीटर्सबर्ग येथे मला तीच भीती दिसते, आणि तिच्या तळाशी आणखी एक: रशिया दरवर्षी बळावतो आहे, तेव्हा आज नाही तर पुढे जमणार नाही, ही जर्मन सेनापतींची धारणा.

परिणामांचे तुझ्या पुस्तकात तक्ते आहेत, म्हणून चार साम्राज्यांच्या पतनाची यादी मी देत नाही. आपल्याकडून सुमारे तेरा लाख माणसे या युद्धासाठी समुद्रापार गेली आणि चौऱ्याहत्तर हजारांहून अधिक परतली नाहीत. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लढलेल्या सहाव्या डिव्हिजनचे नावच पूना डिव्हिजन होते आणि तिच्यात मराठा पलटणी होत्या. कुत येथे ती तुर्कांच्या वेढ्यात सापडली, उपासमारीने खंगली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी शरण गेली. कैद झालेल्यांपैकी अनेकांना जर्मनांच्या मदतीने तुर्कस्तानातून बगदादकडे बांधल्या जाणाऱ्या बगदाद रेल्वेच्या कामावर राबवले गेले. ज्या रेल्वेवरून युद्धापूर्वी जर्मनी आणि ब्रिटन यांचे वितुष्ट होते, तिच्याच रुळांवर मराठी मुलुखाच्या पलटणीतले शिपाई मरावेत, हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवले होते.

युद्ध सरता सरता, १९१८ च्या जूनमध्ये, मुंबई बंदरातून इन्फ्लुएंझा आत आला आणि आगगाड्यांनी तो देशभर पोचवला. बळींचा आकडा सव्वा कोटीच्या आसपास किंवा त्याहून अधिक धरतात. १९११ ते १९२१ या दशकात भारताची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. स्वराज्याची आशा लावून बसलेल्या देशाला १९१९ च्या मार्चमध्ये रौलट कायदा आणि १३ एप्रिलला जालियनवाला बाग मिळाली.

व्हर्सायच्या तहावर सही झाली ती २८ जून १९१९ रोजी, म्हणजे साराजेव्होच्या खुनाला बरोबर पाच वर्षे झाली त्या दिवशी. युद्धाची जबाबदारी जर्मनीवर टाकली गेली आणि १९२१ मध्ये १३२ अब्ज सुवर्ण मार्कांची भरपाई ठरली. पुढचे सारे या तहामुळेच घडले, असे म्हणणारे मला घाईचे वाटतात, कारण मधली जागतिक मंदी ते विसरतात. पण अपमानाची आठवण किती टिकली हे एका रेल्वेच्या डब्यावरून दिसते. ११ नोव्हेंबर १९१८ चा युद्धविराम फ्रान्समधील कॉम्पियेन्यच्या जंगलात ज्या डब्यात झाला, तोच डबा हिटलरने जून १९४० मध्ये संग्रहालयातून त्याच जागी आणवला आणि फ्रान्सला त्यात सही करायला लावली.

पुण्याहून साताऱ्याला गेलीस तर अपशिंगे मिलिटरी या गावी जाऊन ये. त्या एका गावाने या युद्धात ४६ जवान गमावले. तेथल्या वडीलधाऱ्यांशी बोल आणि काय ऐकलेस ते मला सविस्तर लिही.

तुझा,
बाबा