पेट्रोलने पार्ट धुणं थांबवा

संपादक साहेब,
आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये रविवारी पोरं गाडीचे ग्रीसने माखलेले पार्ट उघड्या ट्रेमध्ये पेट्रोल ओतून धुतात, मला फार भीती वाटते हो. पेट्रोलची वाफ उणे ४० अंशालाही पेट घेऊ शकते आणि ती हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरत जाते, एक ठिणगी पुरे. शिवाय त्यात बेंझिन असतं, ते कॅन्सरला कारण ठरतं. त्यापेक्षा पाण्यात मिसळणारा डीग्रीझर (ग्रीस काढणारं द्रावण) आणि ब्रश घ्या, वेळ लागेल पण निघतं. रॉकेलसुद्धा पेट्रोलपेक्षा बरं, पण मोकळ्या हवेत, हातमोजे घालून, आणि रबरी सील त्यात बुडवू नका, फुगतात. ब्रेकला मात्र ब्रेक क्लीनरच. आणि उरलेलं काळं पाणी गटारात ओतू नका, शेवटी मुठा नदीतच जातं ते.

एक वाचक, सिंहगड रोड, पुणे