मुद्रा कर, पण चालणं सोडू नकोस

तीर्थस्वरूप आईस,
साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

परवा फोनवर तू विचारलंस, ‘मुद्रेने दबलेली नस मोकळी होते का गं?’ एका शब्दात उत्तर देण्यासारखा हा प्रश्न नाही, म्हणून सविस्तर लिहितेय. पत्र समोर ठेवून तुला करून बघता येईल. बाबांनाही वाचून दाखव, त्यांच्या तळपायांबद्दल पुढे लिहिलंय.

आधी तुझ्या कमरेत काय चाललंय ते. तुझी कळ कुल्ल्यातून निघते, मांडीवरून पोटरीच्या बाहेरच्या अंगाने उतरते आणि पायाच्या अंगठ्यापाशी मुंग्या येतात. कळेचा माग असा असला की बहुतेक वेळा कमरेच्या पाचव्या मणक्याची नस दुखावलेली असते. दोन मणक्यांमधली गादी मागे सरकते आणि नसेच्या मुळाला टेकते. नुसत्या दाबाने एवढं दुखत नाही. गादीतला मऊ भाग बाहेर आला की तिथे दाह होतो, आणि मग ती नस जराशी ताणली गेली तरी पायातून वीज गेल्यासारखं होतं. पण आई, बाहेर आलेला तो भाग पुष्कळदा शरीर स्वतःच हळूहळू शोषून घेतं. सायटिकाची, म्हणजे कमरेतून पायात उतरणाऱ्या अशा कळेची, बहुतेक माणसं दीड ते तीन महिन्यांत ऑपरेशनाशिवाय बरीच सुधारतात. इथे फिजिओथेरपी विभागात मी हे रोज बघते. त्यामुळे ‘आता हे जन्माचं दुखणं’ असं तू म्हणालीस ते माझ्या मनाला फार लागलं. तसं नाहीये.

आता मुद्रा. वायुमुद्रेत तर्जनी दुमडून अंगठ्याच्या मुळाशी टेकवायची आणि वर अंगठा ठेवायचा. अपानमुद्रेत मधलं बोट आणि अनामिका अंगठ्याच्या टोकाला जुळवायची. पाठीसाठी म्हणून सांगतात त्या मुद्रेत दोन हात वेगवेगळे असतात: उजव्या हाताचा अंगठा मधल्या बोटाला आणि करंगळीला टेकतो, डाव्या हाताचा अंगठा तर्जनीच्या नखावर. यामागचा विचार तुला पाठच आहे. अंगठा अग्नी, तर्जनी वायू, मधलं बोट आकाश, अनामिका पृथ्वी, करंगळी जल. दुखणं वाताचं, म्हणून वायूचं बोट आवरायचं.

या श्रद्धेचा मला आदर आहे, पण तुझ्याशी स्पष्ट बोलायलाच हवं. बोटांच्या नसा मानेतून निघतात आणि पायाच्या नसा कमरेतून. तर्जनी दुमडल्याने कमरेतली गादी जागेवर सरकत नाही. जुन्या ग्रंथांतही तसं म्हटलेलं नाही. हठप्रदीपिकेत दहा मुद्रा आहेत, घेरंडसंहितेत पंचवीस. महामुद्रा, विपरीतकरणी, मूलबंध, उड्डियान अशा त्या बहुतेक अख्ख्या शरीराच्या आणि श्वासाच्या आहेत. अमुक दुखण्याला अमुक बोट अशी यादी त्यांत नाही. आणि हे तपासून बघणं म्हणजे योगाचा अपमान नव्हे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम ही योगसंशोधनाची संस्था सुरू केली तेव्हा उड्डियान आणि नौली या पोट आत ओढून करायच्या क्रिया करताना पोटातल्या दाबात काय बदल होतो हे त्यांनी यंत्रं लावून मोजलं होतं. मला त्यांची ही वाट फार जवळची वाटते.

तरीही मी तुला मुद्रा कर असंच सांगेन, आणि त्याला कारणं आहेत. दुखणं जाणवतं ते मेंदूत. शरीराच्या कुठल्या भागाला मेंदूत किती जागा आहे याचा नकाशा पेनफिल्ड या मेंदूच्या सर्जनने १९३७ मध्ये मांडला. त्यात हाताला, त्यातही अंगठ्याला आणि बोटांना, आकाराच्या मानाने खूप मोठी जागा मिळालेली आहे, पाठीला मात्र अगदी थोडी. म्हणून बोटाला बोट टेकलं की तो बारीक स्पर्श मनाला धरून ठेवायला सोपा जातो. लक्ष तिथे टिकलं, श्वास संथ झाला, की नाडीही जरा उतरते आणि कमरेचे ताठरलेले स्नायू सैलावतात. दुखतंय म्हणून आपण अंग आखडून धरतो, आखडल्याने आणखी दुखतं, मग भीती वाटते आणि झोप उडते. मुद्रा उपयोगी पडते ती हा फेरा सैल करायला, आणि रात्रीच्या कळेत हे थोडं नाही. अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या एका मोठ्या संघटनेने २०१७ मध्ये जुन्या कंबरदुखीसाठी गोळ्यांच्या आधी करायच्या उपायांत योग घातला. मात्र त्यात योग म्हणजे आसनं, हालचाल, श्वास असं सगळं मिळून, नुसत्या बोटांच्या मुद्रा नव्हेत.

आता कशी करायची ते. तू मांडी घालून पाऊण तास बसतेस ते आधी थांबव. तुला आपोआप पोक येतं, आणि वाकून बसलं की त्या गादीवर ताण वाढतो. मुद्रा निजूनही करता येते. पाठीवर नीज, गुडघ्यांखाली जाड लोड घे म्हणजे कंबर टेकेल. हात कुशीला, तळवे वर, कोपराखाली उशी. बोटं फक्त स्पर्शाइतकीच टेकव. नखाचं टोक पांढरं पडलेलं दिसलं तर समज की तू दाबतेयस, लगेच सैल कर. मग श्वास नाकाने घे, मनात चार मोज, सोडताना सहा मोज. छाती न फुगवता पोट उचललं जाऊ दे. दहा मिनिटं पुरे. झोप लागली तर लागू दे, तीही हवीच आहे. अपान घे, वायू घे किंवा तर्जनीचं टोक अंगठ्याला टेकवायची साधी ज्ञानमुद्रा घे, जी तुला आवडते ती, त्याने फरक पडत नाही.

मनगटाबद्दल मुद्दाम वेगळं लिहितेय. पहाटे तुझा अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होतं असं तू ओझरतं म्हणालीस. त्या तीन बोटांची नस मनगटातल्या एका अरुंद बोगद्यातून जाते आणि तिच्याबरोबर बोटं दुमडणारे नऊ स्नायुबंधही तिथूनच जातात. मनगट वाकवून बोटं घट्ट आवळली की तिथला दाब वाढतो. म्हणजे वायुमुद्रा जोर लावून केलीस तर ज्या नसेसाठी करतेस तिच्यासारख्याच दुसऱ्या नसेला त्रास. मनगट सरळ ठेव. मुद्रेत मुंग्या वाढल्या तर ती मुद्रा सोडून दे आणि तळवे नुसते पोटावर ठेव. रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधून झोपलीस तर बहुतेक बरं वाटेल.

आणि चालणं. मुद्रा सुरू केल्यापासून तू फिरायला जाणं बंद केलंस, याचीच मला खरी काळजी आहे. नसेला रक्त पोचायला, ती आपल्या जागेत मोकळी सरकायला हालचाल लागते. एकदम लांब नको. घरातल्या घरात पाच-सात मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा, आणि मग हळूहळू वाढव. एका जागी अर्ध्या तासाच्या वर बसू नकोस. चालताना कळ पायातून वर सरकून कमरेत गोळा झाली तर घाबरू नकोस. कंबर जास्त दुखली तरी पाय मोकळा होणं ही सुधारण्याची खूण असते. उलट कळ पोटरीखाली उतरायला लागली तर तेवढं अंतर कमी कर.

काही गोष्टींत मात्र मुद्राही नको आणि माझ्या फोनची वाटही नको. लघवी अडली किंवा नकळत झाली, शौचाचा ताबा गेला, जांघेत आणि बसायच्या जागी बधिरपणा आला, दोन्ही पाय लुळे वाटले, तर त्याच घटकेला रुग्णालयात जायचं. रात्र असली तरी. तिथे काही तासांच्या उशिरानेही कायमचं नुकसान होऊ शकतं. पाऊल उचलताना पंजा खाली लोंबायला लागला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखव.

बाबांचं दुखणं वेगळं आहे. त्यांचे दोन्ही तळपाय सारखेच जळतात, रात्री जास्त, आणि कंबर अजिबात दुखत नाही. हे कमरेतून आलेलं वाटत नाही, मधुमेहाने पायाच्या टोकाच्या नसा दुखावतात तसं वाटतं. शिवाय ते बरीच वर्षं मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी घेताहेत, त्या गोळीने बी-१२ कमी होऊ शकतं आणि त्यानेही तळपाय जळतात. त्यांना तीन महिन्यांची सरासरी साखर आणि बी-१२ दोन्ही तपासून घ्यायला सांग, गोळी मात्र मनाने बंद करू नका. तुझ्याबरोबर निजून मुद्रा करायला त्यांची हरकत नसेल तर जरूर करू देत. पण रोज झोपण्याआधी त्यांचे तळपाय उजेडात बघत जा. बधिर पायाला जखम झालेली कळत नाही.

रविवारी फोन करशील तेव्हा एवढं बघून ठेव: कळ आता कुठपर्यंत उतरते, भिंतीला हात टेकून टाचांवर चार पावलं दोन्ही पायांनी सारखी चालता येतात का, आणि रात्री कितीदा जाग येते. व्हिडिओवर मला मुद्रा करून दाखव, मनगट मी नीट बघेन. डॉक्टरांनी दिलेले व्यायाम कुठल्या कागदावर लिहिलेत तोही जवळ ठेव, त्यातले कुठले आता करायचे आणि कुठले थांबून, ते आपण एकेक करून ठरवू.

बाबांना साष्टांग नमस्कार.

तुझी लेक