नववा लागला तरी बाळ गप्प बसत नसतं

प्रिय वैशाली,

सप्रेम नमस्कार. बाळ आता लाथा कमी मारतं, नुसतं गोळा होऊन सरकतं, आणि नववा लागला की ते शांतच होतं असं सासूबाई म्हणतात, असं तू लिहिलंस. तुझं निरीक्षण बरोबर आहे. सासूबाईंचा निष्कर्ष तेवढा चुकतोय.

साधारण ३२ आठवड्यांपर्यंत हालचाली वाढत जातात, मग बाळंतपणापर्यंत तेवढ्याच राहतात. जागा अपुरी पडते म्हणून झटक्याऐवजी वळसा, ढकलणं, पोटावरून लाट गेल्यासारखं वाटणं असं सुरू होतं. तऱ्हा बदलते, पण हालचाल घटत नाही. डोकं खाली बसल्यावरही बाळ हलतं, कळा सुरू झाल्यावरही हलतं.

हालचालीला एवढं महत्त्व का, ते सांगते. वारेतून (प्लॅसेंटातून) येणारा प्राणवायू कमी पडू लागला की बाळ काटकसर करतं. रक्त मेंदूकडे आणि हृदयाकडे वळतं, हातपाय हलवणं मागे पडतं. म्हणजे मंदावलेली हालचाल हा कधीकधी पहिला इशारा असतो, आणि तो फक्त तुलाच कळू शकतो.

बाळ झोपतंही. एक झोप २० ते ४० मिनिटांची, ९० मिनिटांच्या पुढे क्वचितच जाते. संध्याकाळी नि रात्री ते जास्त जागं असतं. दिवसभर कामात असलीस तर बऱ्याच हालचाली जाणवतही नाहीत, म्हणून शंका आली की डाव्या कुशीवर पड, हात पोटावर ठेव, फोन लांब ठेव. दोन तासांत दहा वेगवेगळ्या हालचाली व्हायला हव्यात. बहुतेकींना त्या खूप आधीच मिळतात. लाथ, ढुशी, वळसा, सगळं धर. उचकी मात्र धरू नकोस, ती ठेक्यात येते. दहा झाल्या नाहीत तर दवाखान्यात फोन कर. आणि हालचाल अजिबातच जाणवत नसेल तर दोन तास मोजत बसायचंच नाही, थेट निघायचं.

दहाच्या आकड्याला मी फार चिकटत नाही. काही बाळं मुळात चळवळी, काही सुस्त. तुझ्या बाळाची रोजची रीत काय, हे तुला ठाऊक असायला हवं. रोज रात्री जेवणानंतर धुमाकूळ घालणारं बाळ आज गप्प असेल, तर दहा भरल्या तरी दाखवून ये.

सोनोग्राफीत वार पुढच्या बाजूला असल्याचं लिहिलं असेल, तर सुरुवातीला हालचाल दबल्यासारखी वाटते. पण २८ आठवड्यांनंतर ते कारण पुढे करून थांबू नकोस. बाळाच्या फुप्फुसांसाठी बीटामेथासोनची इंजेक्शनं दिली असतील तर एक-दोन दिवस हालचाल मंदावू शकते, तरीही कळवायचंच. गार पाणी, साखर, चॉकलेट देऊन बाळाला 'उठवायचं' प्रकरण सोड. त्याला भक्कम आधार नाही, वेळ मात्र जातो. बाळाचे ठोके घरी ऐकायचं यंत्र, डॉप्लर, तर मुळीच आणू नकोस. त्यात कित्येकदा आपल्याच नाडीचा आवाज येतो, आणि ठोके बाळाचेच असले तरी बाळ ठीक आहे असं त्यावरून ठरत नाही.

दवाखान्यात पोटावर दोन पट्टे बांधून एनएसटी, म्हणजे बाळाच्या ठोक्यांची तपासणी, करतील. मूळ ठोके मिनिटाला ११० ते १६०, आणि २० मिनिटांत निदान दोनदा ते १५ ने वाढून १५ सेकंद टिकलेले दिसले की ठीक. बाळ झोपलेलं असेल तर ४० मिनिटंही लावतात. गरजेप्रमाणे सोनोग्राफीत वाढ, गर्भजल आणि नाळेतला रक्तप्रवाह पाहतात. सगळं नीट निघालं आणि चार दिवसांनी पुन्हा तसंच वाटलं, तर पुन्हा जा. 'परवाच तर आलो होतो' म्हणून संकोचायचं नाही. वारंवार हालचाल मंदावणं जास्त गंभीर धरतात.

झोपताना पाठीवर नको, कुशीवरच झोप. मध्येच जाग येऊन पाठीवर आढळलीस तर घाबरू नकोस, फक्त वळ. फाईल आणि दवाखान्याचा रात्रीचा नंबर उशाशी असू दे, आणि दोन वाजता फोन करावा लागला तरी कर.

सासूबाईंना हे वाचून दाखव. रागावल्या तर माझं नाव सांग.

तुझीच,
मेधा